ऑफ-रोड पिकअप आणि रोजचा रस्ता

अमेरिकेत पिकअप ट्रक हे शेतकऱ्याचे आणि कंत्राटदाराचे मालवाहू वाहन म्हणून रुजले असले, तरी गेल्या काही दशकांत ते मध्यमवर्गीय कुटुंबाची रोजची गाडी बनले असून, फोर्डची एफ-सिरीज ही मालिका १९७७ पासून तेथील सर्वाधिक खपाचा ट्रक म्हणून आपले स्थान टिकवून आहे. पुढे चार दारांची, पाच माणसे बसतील अशी केबिन आणि मागे उघडा हौदा, ही या वाहनाची आजची सर्वसाधारण रचना आहे. एकाच नावाची पिकअप कंपन्या अनेक श्रेणींत विकतात. अमेरिकी ग्राहक या श्रेणीला ‘ट्रिम’ म्हणतो आणि भारतीय ग्राहक ‘व्हेरियंट’. त्यांपैकी ज्या श्रेणी दगडधोंडे, वाळू, चिखल आणि ओढे ओलांडण्यासाठी खास घडवलेल्या असतात, त्यांना ऑफ-रोड श्रेणी म्हटले जाते. त्यांची किंमत साध्या श्रेणीपेक्षा बरीच अधिक असते, त्यांचे रूप भारदस्त असते आणि जाहिरातींत त्या नेहमी युटाच्या खडकांवर किंवा वाळवंटातल्या धुरळ्यात दिसतात. प्रत्यक्षात मात्र त्यांतील बहुसंख्य गाड्यांचे आयुष्य घर, कार्यालय, शाळा आणि बाजार यांना जोडणाऱ्या डांबरी रस्त्यांवरच जाते. म्हणूनच अशा गाडीची निवड करताना ती कोठपर्यंत जाऊ शकते यापेक्षा ती रोज कोठे जाणार आहे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

या निवडीचे चांगले उदाहरण म्हणजे टोयोटाची टॅकोमा. अमेरिकेने १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात लावली. अमेरिकी कोंबड्यांवर युरोपीय देशांनी बसवलेल्या करांना दिलेले ते प्रत्युत्तर असल्यामुळे तिला ‘चिकन टॅक्स’ हे नाव पडले, आणि ती आजही लागू असल्यामुळे परदेशी कंपन्यांना आपल्या पिकअप उत्तर अमेरिकेतच बनवाव्या लागतात. जगभर विकली जाणारी टोयोटा हायलक्स अमेरिकेत मिळत नाही. तिची जागा १९९५ मध्ये टॅकोमाने घेतली. २०२४ च्या वर्षमालिकेत या गाडीची चौथी पिढी आली, आणि तिच्या श्रेणींमध्ये टीआरडी स्पोर्ट, टीआरडी ऑफ-रोड, टीआरडी प्रो व ट्रेलहंटर अशा चार श्रेणी खरेदीदाराला संभ्रमात टाकतात. टीआरडी हे टोयोटाच्या ‘टोयोटा रेसिंग डेव्हलपमेंट’ या विभागाचे लघुरूप आहे. चारही गाड्या लांबून सारख्याच दणकट दिसतात. फरक आहेत ते बहुतांशी खाली, चाकांच्या मधल्या जागेत.

डिफ लॉक: लहान यंत्र, मोठा फरक

त्यांतील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा फरक डिफरन्शिअलचा आहे. गाडी वळताना बाहेरच्या बाजूच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, त्यामुळे एका ॲक्सलवरील दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मोकळीक देणारी दातेरी चक्रांची पेटी मध्ये बसवलेली असते. तीच डिफरन्शिअल होय. डांबरी रस्त्यावर ही मोकळीक उपकारक ठरते, पण एक चाक चिखलात रुतले किंवा खडकावर अधांतरी राहिले की तीच अडचणीची होते, कारण साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर पुरवते आणि ज्या चाकाला पकड नाही, ते जेवढा जोर पेलू शकते तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. परिणामी एक चाक गरागरा फिरत राहते आणि गाडी जागची हलत नाही. डिफ लॉक हे यंत्र दोन्ही चाके एकमेकांशी जखडते, त्यामुळे जमिनीवर टेकलेल्या चाकाला आपला सगळा जोर लावता येतो. नाशिकमध्ये बनणाऱ्या महिंद्र थारच्या काही श्रेणींत मागच्या ॲक्सलवर असेच कुलूप मिळते, त्यामुळे महाराष्ट्रातील ऑफ-रोडिंगच्या हौशी मंडळींना ही कल्पना नवी नाही.

टॅकोमाच्या टीआरडी स्पोर्ट श्रेणीत हे कुलूप नसते, तर टीआरडी ऑफ-रोडमध्ये ते बटणावर चालणारे असते. या दोन श्रेणींची इंजिने सारखीच, म्हणजे २.४ लिटरची, टर्बोचार्जर असलेली, चार सिलिंडरची आणि स्वयंचलित गिअरसह २७८ अश्वशक्तीची आहेत, आणि किमतीतही काही हजार डॉलरचेच अंतर आहे. स्पोर्टची १८ इंची चाके आणि रस्त्यासाठी जुळवलेले सस्पेन्शन वेगात वळताना अधिक आटोपशीर वाटते. ऑफ-रोडची चाके लहान असून त्यांवरील टायरची भिंत उंच आहे, त्यामुळे खड्ड्याचा दणका आधी रबरातच जिरतो. ज्याच्या मार्गात वर्षातून चार-सहा वेळाही कच्चा घाट, बर्फाळ चढ किंवा नदीकाठची वाळू येते, त्याला ऑफ-रोड श्रेणीच्या अधिक किमतीचा मोबदला मिळतो. ज्याच्या मार्गात ती कधीच येत नाही, त्याने स्पोर्ट घेतल्यास रोजच्या वापरात काहीही गमावत नाही.

येथे फोर-व्हील ड्राइव्हविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टॅकोमाच्या बहुतेक फोर बाय फोर श्रेणींत ही व्यवस्था ‘पार्ट-टाइम’ असते, म्हणजे पुढचा आणि मागचा ॲक्सल जोडले की ते एकाच गतीने फिरतात. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या त्रिज्येवरून जात असल्यामुळे कोरड्या डांबरावर ही जोडणी यंत्रावर ताण आणते, आणि म्हणून उत्पादक ती केवळ निसरड्या पृष्ठभागावर वापरण्यास सांगतात. कोरड्या दिवशी अशी गाडी मागच्या दोन चाकांवरच चालते. शिवाय चारही चाकांना मिळणारा जोर गाडीला पुढे ढकलण्यास मदत करतो, थांबवण्यास नव्हे. बर्फावर ब्रेक लागण्याचे अंतर टायरवर अवलंबून असते.

टायर: रोज भरावा लागणारा कर

ऑफ-रोड श्रेणीचा परिणाम चालकाला दररोज, प्रत्येक किलोमीटरला जाणवतो तो टायरमुळे. रस्त्याच्या टायरची नक्षी बारीक व सलग असते, तर ‘ऑल-टेरेन’ म्हणजे सर्व प्रकारच्या जमिनींसाठी बनवलेल्या टायरवर मोठे, सुटे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये खोल चर असतात, जेणेकरून चिखल व खडी त्यांत अडकून न राहता बाहेर फेकली जावी. हेच ठोकळे महामार्गावर एकसारखा घरघराट निर्माण करतात, रस्त्याला टेकणारे रबर कमी असल्यामुळे ओल्या डांबरावर थांबण्याचे अंतर सहसा वाढवतात आणि फिरण्याला होणारा विरोध वाढवून इंधन खातात. अमेरिकेत अनेक ऑफ-रोड श्रेणींना ‘एलटी’ अक्षरांचे, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचे टायर दिले जातात. त्यांची भिंत जाड असल्यामुळे टोकदार दगडाने ती सहजासहजी फाटत नाही, पण प्रत्येक टायर काही किलोंनी जड होतो, आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली, फिरत्या चाकात असल्यामुळे वेग घेताना, ब्रेक लावताना आणि खड्ड्यांतून जाताना त्याचा परिणाम गाडीत ठेवलेल्या तितक्याच सामानापेक्षा अधिक जाणवतो.

टायरचा व्यासही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. टीआरडी प्रो आणि ट्रेलहंटर यांना ३३ इंच व्यासाचे टायर मिळतात. टायर मोठा झाला की ॲक्सलची जमिनीपासूनची उंची वाढते, पण चाकाच्या एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर जात असल्यामुळे इंजिनाला प्रत्येक गिअरमध्ये अधिक ओढावे लागते. कंपनी आपल्या श्रेणीत हे गणित आधीच जुळवून देते. साध्या श्रेणीला बाहेरून मोठे टायर चढवणाऱ्याला मात्र वेगदर्शक काटा कमी वेग दाखवत असल्याचे आढळते. थंड प्रदेशात राहणाऱ्याने टायरच्या भिंतीवर एक बारीक खूण पाहावी: तीन शिखरांच्या डोंगरात कोरलेली हिमकणाची आकृती. ही खूण असलेल्या टायरने बर्फावरील पकडीची ठरावीक चाचणी पार केलेली असते, तर केवळ ‘एम अधिक एस’ ही अक्षरे अशा चाचणीची हमी देत नाहीत. मिनेसोटा किंवा कोलोरॅडोमध्ये हिवाळ्यात रोज कामावर जाणाऱ्यासाठी ही लहानशी आकृती महागड्या श्रेणीच्या नावापेक्षा अधिक मोलाची आहे.

शॉक अब्सॉर्बर: वेगाची किंमत

टीआरडी ऑफ-रोड आणि टीआरडी प्रो यांच्या किमतींत २०२४ मध्ये सुमारे २२ हजार डॉलरचे अंतर होते. पहिलीची सुरुवात ४२ हजारांच्या आसपास आणि दुसरीची जवळजवळ ६४ हजारांपासून होत होती. या फरकाचा एक भाग हायब्रिड इंजिनाचा आहे. प्रो आणि ट्रेलहंटर केवळ ३२६ अश्वशक्तीच्या हायब्रिड रूपातच मिळतात, परंतु तेच इंजिन अधिक पैसे देऊन टीआरडी ऑफ-रोडमध्येही घेता येते, म्हणून प्रोची खरी ओळख तिच्या शॉक अब्सॉर्बरमध्ये शोधावी लागते.

स्प्रिंग गाडीचा भार पेलते आणि दणका झेलते, पण दणक्यानंतर ती वरखाली डोलत राहू नये म्हणून तिचा झोका थोपवण्याचे काम शॉक अब्सॉर्बर करतो. त्याच्या नळीतील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. खडबडीत वाटेवर तासन्‌तास वेगाने जाताना तेल तापते, त्यात फेस येतो आणि शॉक अब्सॉर्बर निष्प्रभ होऊ लागतो. यावरील उपाय म्हणजे मोठी नळी आणि तेलासाठी बाजूला बसवलेली स्वतंत्र टाकी. टीआरडी ऑफ-रोडच्या मागच्या, बिलस्टाइन कंपनीच्या शॉक अब्सॉर्बरना अशी टाकी असते. टीआरडी प्रोमध्ये फॉक्स कंपनीचे अडीच इंच व्यासाचे, ‘इंटर्नल बायपास’ पद्धतीचे शॉक अब्सॉर्बर असतात; त्यांत दट्ट्या मधल्या टप्प्यात असताना तेलाला आडवाटा मिळतात म्हणून लहान खड्ड्यांवर गाडी मऊ चालते, आणि दट्ट्या टोकाकडे जाऊ लागला की त्या वाटा बंद होऊन मोठ्या उडीचा आघात थोपवला जातो. ट्रेलहंटरमध्ये ऑस्ट्रेलियातील एआरबी कंपनीचे ‘ओल्ड मॅन एमू’ शॉक अब्सॉर्बर असतात आणि त्यांची जुळवणी वेगाने उडण्यापेक्षा तंबू, पाणी व अवजारे लादून दूरच्या वाटांवर संथपणे जाण्यासाठी केलेली आहे.

यावरून ऑफ-रोड श्रेणी रोजच्या रस्त्यावर अपरिहार्यपणे त्रासदायक असतात, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. उलट, उत्तम शॉक अब्सॉर्बरमुळे तडे गेलेल्या आणि उखडलेल्या शहरी रस्त्यांवर महागडी श्रेणी अनेकदा साध्या श्रेणीपेक्षा सुखद चालते. प्रश्न एवढाच की ज्या तंत्राची किंमत ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने वाळवंटातील उंचवटे पार करण्यासाठी मोजली जाते, ते ५० किलोमीटरच्या वेगमर्यादेत किती उपयोगी पडणार. शिवाय प्रोच्या पुढच्या आसनांनाही स्वतःचे लहान शॉक अब्सॉर्बर बसवलेले असून, त्यांची रचना मागे फुगत असल्यामुळे आधीच बेताची असलेली मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांची जागा आणखी आकसते. शाळेतून मुले आणणाऱ्या कुटुंबाने हे मागच्या आसनावर स्वतः बसूनच पाहिलेले बरे.

उंची, रुंदी आणि वजन

शेवरलेच्या कोलोरॅडो या स्पर्धक पिकअपमध्ये श्रेणींची शिडी आकड्यांतच दिसते. तिच्या २०२३ च्या पिढीत साध्या श्रेणीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाचे जमिनीपासूनचे किमान अंतर, ७.९ इंच, झेड ७१ चा ८.९, ट्रेल बॉसचा ९.५ आणि झेडआर २ चा १०.७ इंच आहे. पायरीगणिक तळ उंच होतो, खडक खालून सुटतो, आणि त्याच प्रमाणात वृद्धांना व लहान मुलांना चढउतार अवघड होते, हौद्यातील जड वस्तू अधिक वर उचलावी लागते आणि भुयारी पार्किंगच्या छताशी अंतर कमी होते. वाऱ्याचा विरोध कमी करण्यासाठी साध्या श्रेणींच्या पुढच्या बंपरखाली अनेकदा प्लास्टिकची एक खालची पट्टी असते; ऑफ-रोड श्रेणींत ती चढाला टेकू नये म्हणून काढून टाकली जाते, आणि महामार्गावर त्याची भरपाई इंधनाने करावी लागते.

रुंदीचे टोकाचे उदाहरण फोर्ड एफ-१५० रॅप्टर हे आहे. २०१० च्या वर्षमालिकेपासून विकली जाणारी ही श्रेणी मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून होणाऱ्या वाळवंटी शर्यतींच्या धर्तीवर घडवलेली आहे. साधी एफ-१५० आरसे वगळून ७९.९ इंच रुंद आहे, तर रॅप्टरची रुंदी ८७ इंचांच्या आसपास जाते. अमेरिकी संघराज्याच्या प्रकाशयोजनेच्या नियमानुसार ८० इंच किंवा त्याहून रुंद ट्रकला जादा ओळखदिवे लावणे बंधनकारक आहे, आणि रॅप्टरच्या जाळीत दिसणारे तीन लहान पिवळसर दिवे ही मुळात या नियमाची पूर्तता आहे, जरी अनेक हौशी मालक आता तसेच दिवे अरुंद पिकअपवर केवळ शोभेसाठी लावत असले तरी. नऊ फूट रुंदीच्या पार्किंगच्या खणात रॅप्टर मधोमध उभी केली, तर प्रत्येक बाजूला जेमतेम साडेदहा इंच उरतात, आणि तेवढ्यात दार उघडून बाहेर पडणे सोपे नसते. इंधनाचा हिशेबही स्पष्ट आहे. २०२१ च्या रॅप्टरला ३७ इंची टायरांसह सरकारी मोजणीत गॅलनमागे १५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ६.४ किलोमीटर इतके ॲव्हरेज मिळाले, तर २.७ लिटर इंजिनाच्या फोर बाय फोर एफ-१५० ला सुमारे ८.९ किलोमीटर. वर्षाला २० हजार किलोमीटर चालवणाऱ्याला या फरकापोटी जवळजवळ ८८० लिटर पेट्रोल अधिक भरावे लागते.

याहून कमी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे भारक्षमता. गाडीच्या अनुज्ञेय एकूण वजनातून तिचे स्वतःचे वजन वजा केल्यावर माणसे आणि सामान यांच्यासाठी जे उरते, ती तिची भारक्षमता होय. लोखंडी संरक्षक पत्रे, जड टायर, पोलादी बंपर यांनी गाडीचे स्वतःचे वजन वाढते आणि लांब हालचालीच्या स्प्रिंगा मुद्दाम मऊ ठेवलेल्या असतात, त्यामुळे सर्वांत दणकट दिसणारी श्रेणी पुष्कळदा सर्वांत कमी ओझे वाहते. ओढण्याच्या क्षमतेचेही तसेच आहे: टॅकोमाच्या काही श्रेणी ६,५०० पौंडांपर्यंत ओढतात, तर टीआरडी प्रो ६,००० पौंडांवर थांबते. एफ-१५० मध्ये ही दरी बरीच मोठी असून सर्वाधिक क्षमतेच्या श्रेणीच्या तुलनेत रॅप्टर खूपच कमी ओढते. नाव किंवा माहितीपत्रक यांवर न विसंबता चालकाच्या बाजूचे दार उघडून खांबावर चिकटवलेले छापील लेबल वाचावे. प्रवासी व सामान मिळून किती वजनाच्या वर जाऊ नये, हे त्या विशिष्ट गाडीसाठी त्यावर लिहिलेले असते.

नंतर काय बसवता येते?

या सर्व तपशिलांतून निवडीची एक उपयुक्त कसोटी निघते, ती म्हणजे ऑफ-रोड साहित्याची दोन गटांत विभागणी. इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह, हळू चालीचा ‘लो’ गिअर, डिफ लॉक, गाडीची मूळ रुंदी आणि या सर्वांना सांधणारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे ही पहिल्या गटात मोडतात. ती नंतर बसवणे एकतर अशक्य असते किंवा अतिशय खर्चिक. टायर, शॉक अब्सॉर्बर, तळाचे संरक्षक पत्रे, हौद्यावरील चौकट आणि जादा दिवे हे दुसऱ्या गटातील असून, अमेरिकेत त्यांचा बाजार इतका मोठा आहे की गरज पटल्यावर ते केव्हाही घेता येतात. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, हे दाखवावे लागते. कारखान्यातून आलेल्या श्रेणीचीही एक बाजू आहे: तिच्यातील टायर, सस्पेन्शन, ब्रेक आणि पुढचे अंतर मोजणारे रडार एकमेकांशी जुळवून तपासलेले असतात, तर गाडी बाहेरून उंच करणाऱ्याला हे जुळवणीचे काम जाणकाराकडून पुन्हा करून घ्यावे लागते.

म्हणून रोजच्या वापराची गाडी शोधणाऱ्याने पहिल्या गटातील गोष्टी सुरुवातीलाच घ्याव्यात आणि दुसऱ्या गटातील गोष्टींसाठी आगाऊ पैसे मोजू नयेत. टॅकोमात हा निकष टीआरडी ऑफ-रोडकडे बोट दाखवतो, कोलोरॅडोत झेड ७१ किंवा ट्रेल बॉसकडे, आणि एफ-१५० मध्ये साध्या एफएक्स ४ संचाकडे किंवा रॅप्टरच्या खालच्या ट्रेमर श्रेणीकडे. सर्वांत वरची श्रेणी त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या सुट्ट्या खरोखरच युटातील मोआबच्या खडकांत किंवा नेवाडाच्या वाळूत जातात, किंवा जे केवळ आवडीपोटी ती किंमत डोळसपणे मोजायला तयार आहेत.

भारतात हा पेच अजून लहान आहे, कारण खाजगी वापरासाठीच्या पिकअपचे पर्यायच मोजके आहेत. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली आणि २.८ लिटर डिझेल इंजिनाची, मागच्या ॲक्सलला डिफ लॉक असलेली टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये. तरीही ५.३ मीटर लांबीची हायलक्स पुण्याच्या पेठेत वळवताना किंवा मुंबईतील सोसायटीच्या आवारात लावताना ग्राहकापुढे तोच प्रश्न उभा राहतो, जो डॅलसमधल्या एखाद्या मराठी कुटुंबापुढे रॅप्टर घेताना असतो. त्याचे उत्तर विक्रेत्याच्या दालनात मिळत नाही. ज्या रस्त्याने रोज जायचे त्याच रस्त्यावर, ज्या जागेत गाडी लावायची त्याच जागेत आणि जी माणसे मागे बसणार त्यांनाच मागे बसवून तासभर चाचणी-फेरी घेतल्यास ते बहुधा मिळून जाते.